इफनंतर विल येत नाही

१२ जून

साक्षीचा निकाल लागला. ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत पास. लिहिण्यात अडकली, तेही थोडक्यात. नर्सना परदेशात नोकरी हवी तर ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तीत पेशंटची सगळी हकीकत सांगणारं एक पत्र लिहायचं असतं. पेशंट तिला चांगले ठाऊक. आठ वर्षं त्यांच्यातच वावरतेय. पण शिक्षण इगतपुरीच्या मराठी शाळेतलं. बोलताना निभावून नेते, लिहायला बसली की गडबड होते.

मला माझीच लाज वाटली. द्वारका सर्कलजवळच्या क्लासमध्ये मी दिवसभर पोरांकडून चुकीची इंग्रजी वाक्यं दुरुस्त करून घेतो. क्लासचे मालक यादव सर जाहिरातीत 'बुद्धभूषण सरांचं ग्रामर' असं मोठ्या अक्षरात छापतात. आणि घरचं माणूस लिहिण्यात नापास!

साक्षी म्हणाली, "जाऊ दे ना. नाही झालं तर नाही."

मी म्हणालो, "असे हातपाय गाळून चालणार नाही. सप्टेंबरमध्ये परत बसायचं."

तिने पर्समधून डबा काढला आणि घासायला टाकला.

ठरलं असं की रोज संध्याकाळी ती ड्युटीवरून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचं. ती वाक्यं लिहील, मी तपासेन. मी पोरांना रोज डायरी लिहा म्हणून सांगतो आणि स्वतः लिहीत नाही, म्हणून आजपासून हीही सुरू. मराठीत. ही कुणी तपासणार नाही.

१९ जून

आज कॉमावरून वाद. साक्षीने लिहिलं होतं: Patient is stable, he is taking food. मी सांगितलं, दोन पुरी वाक्यं नुसत्या कॉमाने जोडता येत नाहीत. एक तर मध्ये and घाल, नाहीतर फुलस्टॉप दे. शिवाय Patientच्या आधी The हवं.

"फुलस्टॉप दिला की कसं संपल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "कॉमा दिला की वाटतं, माणूस अजून बोलणारे."

"तुला काय वाटतं याला मार्क नाहीत."

ती हसली. मग सगळ्या कॉमांचे फुलस्टॉप केले, पेन इतकं दाबून की मागच्या पानावर ठिपके उमटले.

२ जुलै

झपाट्याने सुधारतेय. since three days लिहायची, आता for three days आपोआप येतं. अपॉस्ट्रॉफी जागेवर बसायला लागला. discuss about तर पार गेलं.

मला संध्याकाळची ही वेळ आवडायला लागली आहे. आई बाहेरच्या खोलीत मालिका बघत असते. साक्षी अंघोळ करून येते, केस ओले, तरी अंगाला दवाखान्याचा थोडा वास राहतोच. मी तपासताना ती माझ्या खांद्यावरून वाकून बघते. उजेड अडतो म्हटलं की सरकते, आणि थोड्या वेळाने परत तिथेच.

एक गोष्ट अजून कुणाला बोललो नाही. पंधरा वर्षं मी ज्या भाषेच्या चुका काढतोय, ती भाषा जिथे रस्त्यावरचं शेंबडं पोरसुद्धा बरोबर बोलतं, तो देश मी पाहिलेला नाही. कॉलेजात असल्यापासून तिथल्या नद्या, गावं, स्टेशनं पाठ आहेत. पण इंग्रजीच्या मास्तरची इंग्लंडला काय गरज? गरज नर्सची आहे. साक्षी तिकडे रुजू झाली की मागोमाग मलाही जाता येईल. आईचं काय करायचं ते बघू. पण हे साक्षीला आत्ताच नको सांगायला. उगाच दडपण येईल. आधी तिचं होऊ दे.

२१ जुलै

साक्षीच्या माहेरी इगतपुरीला जाऊन आलो. पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. शेतात भाताची आवणी चालू. सासरे, निवृत्तीबाबा, रेल्वेतून रिटायर झाले तरी घड्याळ रेल्वेचंच. बाराच्या ठोक्याला ताट.

जेवताना त्यांनी विचारलं, "भूषणराव, इंग्लंड लय लांब हाय का हो?"

"विमानाने एका दिवसात पोचतो माणूस, बाबा."

"येळ नाय इचारला मी."

मग भात वाढत म्हणाले, "ही पोरगी लहानपणापासून तशी. जा म्हटलं की जाती. तुला जायचं का, असं इचारावं लागतं हिला."

"परीक्षेचा फॉर्म तिनेच सही करून भरलाय, बाबा," मी सांगितलं. साक्षी ताटात बघून जेवत होती.

परत येताना बसमध्ये तिने लिहिलेली वाक्यं तपासली. एकही चूक नाही. हल्ली दहा मिनिटं पुरतात. 'छान' म्हणून मी उठतो, बाहेर बसून क्लासच्या नोट्स काढतो, मोबाईलवरचे मेसेज बघतो. तेवढाच वेळ वाचतो.

११ ऑगस्ट

काय झालंय कळत नाही. since three days परत आलं. परवा discuss about. आज The गायब, अपॉस्ट्रॉफी गायब, भूतकाळाचा पत्ता नाही. ज्या चुका महिनाभर केल्या नाहीत त्याच करते आहे, आणि एका वाक्यात तीन-तीन. मला पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावून सांगावं लागलं. दीड तास गेला. ती शांतपणे हनुवटीखाली मूठ ठेवून ऐकत होती. थकवा म्हणावा तर चेहऱ्यावर थकवा नव्हता.

"अगं, हे तर तुला येत होतं!"

"विसरले."

यादव सरांना विचारलं. ते गणिताचे. म्हणाले, "परीक्षेची भीती. सराव वाढवा." उद्यापासून वेळ वाढवतो.

२६ ऑगस्ट

सांगितलं होतं की वाक्यं पेशंटवर लिही. परीक्षेत पेशंटच येतो. ही घरचंच लिहिते. आजचं वाक्य: Yesterday I was wait for you in the balcony. You did not came. काल मी गॅलरीत तुझी वाट बघत होते, तू आला नाहीस.

दोन चुका. was नंतर waiting, आणि did आलं की come. दोन्ही तांबड्या शाईने दाखवल्या. शिवाय मजकूरही चुकीचा आहे. मी आलो होतो, फक्त उशिरा. द्वारकेच्या सर्कलला ट्रक बंद पडला होता आणि तसा फोनही केला होता. हेही सांगितलं.

ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं."

आज मी आवाज चढवला. आई बाहेरून म्हणाली, "अरे, हळू. तिला ड्युटीवर काय कमी बोलणी बसतात?" सगळ्या कॉलनीला आईने सांगून ठेवलंय की सून विलायतेला चालली. आता नाही झालं तर आईला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हेही साक्षीला सांगितलं. बहुतेक सांगायला नको होतं.

१३ सप्टेंबर

परवा परीक्षा. आजची वाक्यं जवळजवळ निर्दोष होती. सरावाचं चीज झालं म्हणायचं. शेवटच्या वाक्यात एकच चूक सापडली. If you will say no, I will not go. तू नाही म्हणालास तर मी जाणार नाही.

फर्स्ट कंडिशनल, म्हणजे जर-तरचं वाक्य. इफनंतर विल येत नाही. If you say no, I will not go. ही चूक आपल्याकडे सगळेच करतात. मराठीत आपण 'म्हणशील तर जाणार नाही' असंही म्हणतो ना, भविष्यकाळ दोन्हीकडे. म्हणून तो इंग्रजीतही दोन्हीकडे घुसतो. मी तिला दोन-तीन उदाहरणं देऊन नीट समजावलं.

तिने विचारलं, "बाकी वाक्य बरोबर आहे?"

"बाकी एकदम बरोबर."

तिने वही मिटली. मग उठून कुकर लावला. भाजीत आज मीठ नव्हतं. परीक्षेचं टेन्शन असणार.

१४ सप्टेंबर

क्लासमध्ये कंडिशनल चालू आहेत, म्हणून साक्षीचंच वाक्य फळ्यावर लिहिलं. कुणाचं ते अर्थात सांगितलं नाही. सनीने लगेच विल खोडून दाखवला. तेवढ्यात पहिल्या बाकावरची तेजल म्हणाली, "सर, मग तो नाही म्हणाला का?"

"कोण?"

"ज्याला ती विचारतेय तो."

सगळा वर्ग हसला. मी म्हणालो, ग्रामरला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तेजल म्हणाली, "पण सर, वाक्यात प्रश्न आहे."

"यात प्रश्न कुठे आहे? शेवटी प्रश्नचिन्ह आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "पण आहे."

हुशार मुलगी, पण विषय सोडून बोलते.

१० ऑक्टोबर

पास! आणि लिहिण्यात सगळ्यात वरची श्रेणी. माझा विश्वास बसेना. पुन्हा पुन्हा स्क्रीन बघितली. ज्या बाईने आख्खा ऑगस्ट The गाळला, तिने परीक्षेत एकही चूक केली नसेल. असे मार्क मलाही पडले असते की नाही, शंका आहे.

आईने विहारात पेढे वाटले. वंदना झाल्यावर सगळ्या बाया साक्षीभोवती जमल्या. साक्षी प्रत्येकीच्या पाया पडत होती. मी लांबून बघत होतो. निळ्या साडीत चांगली दिसत होती. तसं तिला सांगायचं राहिलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

मी म्हणालो, "आपल्या."

७ जानेवारी

साक्षी गेली.

दुपारी गाडी केली. इगतपुरीजवळ हायवेला निवृत्तीबाबा उभे होते, बाजूला तांदळाची पिशवी. घरचा नवा तांदूळ. मी म्हणालो, बाबा, बॅगेचं वजन आधीच पुरतं भरलंय, आता काहीच बसणार नाही. त्यांनी पिशवी मागे घेतली. तशी साक्षी खाली उतरली, रस्त्याच्या कडेला बॅग आडवी करून उघडली, मी दिलेलं जाडजूड ग्रामरचं पुस्तक बाहेर काढलं आणि त्या जागी तांदूळ ठेवला. पुस्तक माझ्या मांडीवर दिलं.

"तिकडे लागलं असतं गं."

"तांदूळ लागेल."

बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोचली की मिस कॉल दे." इंग्लंडहून मिस कॉल! घाट उतरेपर्यंत ती मागे बघत होती.

विमानतळावर आत जायच्या आधी तिने विचारलं, "काही बोलायचंय का?"

खूप होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेव."

तिने ठेवला. मग काचेआड गेली. मी ते पुस्तक मांडीवर घेऊन परत आलो.

२५ जानेवारी

संध्याकाळी काही सुचत नाही. क्लासमधून लवकर येतो आणि मग आल्याचा पस्तावा होतो. आई म्हणते टीव्ही बघ. बघतो.

आज स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो. उजेड भरपूर होता. कुणी अडवणारं नव्हतं.

तिचे मेसेज येतात. पोचले, जेवले, थंडी आहे, रूम छोटी आहे. इंग्रजीत लिहिते, सवय व्हावी म्हणून. बरोबर लिहिते. मी 'गुड' एवढंच लिहितो. तिच्याबरोबर तीन महिने रोज बसलो, पण तिला काय विचारायचं असतं ते मला येत नाही असं दिसतंय.

२ मार्च

नवीन बॅच. कंडिशनल सुरू केले. उदाहरण म्हणून फळ्यावर If you लिहिलं आणि पुढे मार्कर चालेना. पोरं वाट बघत होती. मला ते आख्खं वाक्य दिसत होतं. पहिल्यांदा ते वाक्य म्हणून नाही, साक्षीचं बोलणं म्हणून ऐकू आलं. डोकं दुखतंय सांगून तास सोडला.

रस्त्यावरूनच फोन लावला. तिची नुकती नाइट संपली होती.

"साक्षी, ऑगस्टमध्ये तुझ्या चुका परत का व्हायला लागल्या होत्या?"

पलीकडचा पावलांचा आवाज थांबला.

"हे आत्ता विचारतोयस?"

"हो."

"माझ्या चुका होईनात तेव्हा तू दहा मिनिटांत उठायला लागलास. 'छान' म्हणायचास आणि मोबाईल घेऊन बाहेर. चुका केल्या की बसायचास. समजावून सांगायचास. रागवायचास, पण बसायचास."

समोरून रिक्षा, टेम्पो, सगळे हॉर्न वाजवत चालले होते. मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

"आणि ते शेवटचं वाक्य? नाही म्हणालास तर?"

"ते मनापासून लिहिलं होतं रे. त्यात चूक आहे हे मला तू सांगितल्यावर कळलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणालो, "मला वाटत होतं तुला जायचंय."

"कोण म्हणालं तुला?"

कोणी म्हणालं होतं का ते आठवून बघितलं. कोणीच नाही. मग सगळं सांगितलं. मलाही मागून यायचं होतं, वर्षानुवर्षं तिकडे यायचं होतं, तिला दडपण नको म्हणून बोललो नाही, आणि ती गेल्यापासून मला तो देश आठवतच नाही, फक्त तीच आठवते. "करमत नाही गं," म्हणालो. "परत ये."

ती रडत होती की हसत होती, फोनवर कळलं नाही.

"आता नाही रे येता येणार," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? आता यावंसंही वाटत नाही. वॉर्डात एक म्हातारी आहे, माझ्याशिवाय कुणाकडून सुई टोचून घेत नाही. बसचा ड्रायव्हर ओळखतो. मला जमायला लागलंय इथे. सुरुवातीला रोज तुझा राग यायचा. आता येत नाही. आता नुसती आठवण येते, आणि ती जास्त वाईट."

"मग मी काय करू?"

"भूषण, हे मी नको सांगायला. एकदा तरी तू सांग."

३ मार्च

सकाळी चहा घेताना आई म्हणाली, "रात्री झोपला नाहीस."

म्हटलं, साक्षीकडे जावं असं वाटतंय, पण तुला एकटीला टाकून कसा जाऊ.

आईने कप खाली ठेवला. "म्हणजे तू माझ्यासाठी थांबलायस? मी समजत होते, तुलाच जायचं नाही. विहारातल्या बाया विचारतात, नवराबायकोत काही बिनसलं का. मी काय सांगू त्यांना?" मग म्हणाली, "चांदवडला अक्काबाई एकटीच आहे. कधीची ये म्हणतेय. दोघी बहिणी भांडत राहू. वर्षातून एकदा येऊन तोंड दाखवा म्हणजे झालं."

"करमेल तुला?"

"नाही करमणार," आई म्हणाली. "पण त्याला काय करतोस?" आणि उठून गॅस पुसायला लागली, जो स्वच्छच होता.

दुपारी साक्षीला लिहिलं: मी येतोय. आधी आलो नाही याची माफी मागायलाही येतोय. संध्याकाळी नुसतं 'ये' आलं.

२० एप्रिल

व्हिसाचे कागद देऊन आता किती दिवस झाले ते मोजायचं सोडून दिलंय. होईल तेव्हा होईल. कदाचित एकदा परतही येतील, काही सांगता येत नाही. यादव सरांना सांगितलं. त्यांनी जाहिरातीतून माझं नाव काढायला हो म्हटलं, पण बोर्ड अजून तसाच आहे. आई अक्काबाईकडे दोन दिवस राहून आली आणि तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होती. म्हणजे जुळलं.

ऊन फार वाढलंय. रात्री जेवून गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो. साक्षीचा मेसेज आला. तिला आज सुट्टी होती. I was sat on a bench by the river all afternoon.

माझ्या पुस्तकाप्रमाणे sat नाही, sitting हवं. पण ती राहते तिकडे सगळे असंच म्हणतात, असं तिने मागे सांगितलं होतं. वॉर्डातल्या बायका, बसचा ड्रायव्हर, डॉक्टरसुद्धा. हे इंग्रजी मला येत नाही. ते ती माझ्याशिवाय शिकलीय.

मी बराच वेळ त्या नदीकाठी काय असेल ते डोळ्यांसमोर आणत राहिलो. झाडं कसली, ऊन किती, तिने कोट घातला असेल का. ज्या नद्यांची नावं मला पाठ होती त्यातली ही कोणती, तेही विचारावंसं वाटलं नाही. मग मराठीत लिहिलं:

"बाकावर शेजारी जागा होती का?"

थोडा वेळ टाइप करत असल्याचं दिसलं. थांबलं. परत दिसलं.

मग आलं, "आहे."